भावाला बॉम्बे हायवर नोकरी मिळतेय, होकाराआधी काय काय विचारून घ्यावं?

वृंदा_ठाणे:
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसतीच वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

धाकटा भाऊ, वय २७, इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा. महापे एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला आहे, हातात ३८ हजार पडतात. आता दोन ठिकाणांहून विचारणा आलीय. पहिली बॉम्बे हायवर, म्हणजे मुंबईजवळच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात, कामं घेणाऱ्या एका कंत्राटदाराकडून. इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, महिना ९० हजार, २८ दिवस समुद्रात, २८ दिवस घरी. दुसरी बेलापूरच्या एका एजंटाकडून. आखातात ऑफशोअर (समुद्रातल्या तेलकामाच्या) बोटीवर लावतो, पगार डॉलरमध्ये, साडेतीन लाख द्यायचे, त्यातला एक लाख याच आठवड्यात.

आई नाहीच म्हणते. तौक्ते वादळात बार्ज बुडाला तेव्हा तिने दिवसभर टीव्ही सोडला नव्हता. बाबांचं म्हणणं, डोंबिवलीत २०१६ ला आणि २०२४ ला स्फोट झाले ते काय समुद्रात झाले? भावाला ९० हजारांच्या पुढचं काही ऐकूच येत नाही. आमच्या नात्यात या लाइनचं कुणी नाही. तिथे नक्की काम काय असतं, धोका किती, पगार खरंच एवढा असतो का, जाणकारांनी सांगावं.

बेलापूर_बाबू:
साडेतीन लाख माझ्याकडे द्या. गेटवेहून एलिफंटाच्या लाँचवर लावतो. समुद्रही झाला, संध्याकाळी घरीही आला.

झणझणीत:
बाबू :D

पंपरूम:
हसा, पण बेलापूर स्टेशनसमोरच्या इमारतींतून अशी पोरं रडत उतरताना मी पाहिली आहेत.

वृंदाताई, एजंटाचं प्रकरण दोन मिनिटांत निकालात निघतं. जहाजावर किंवा बोटीवर खलाशी म्हणून माणूस पाठवायचा तर एजन्सीकडे डीजी शिपिंगचा (जहाजवाहतुकीचं सरकारी खातं) आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना हवा. परवानाधारकांची यादी डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. आणि ज्याच्याकडे परवाना आहे त्याला नोकरी लावण्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायची बंदी आहे. म्हणजे परवाना नसेल तर तो बेकायदा, आणि परवाना असून पैसे मागत असेल तरीही बेकायदाच. मेडिकल, कोर्स, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) यांचा खर्च आपला आपण करायचा असतो, तो वेगळा.

आता तो पलटून म्हणेल की बोटीवर नाही हो, तिकडच्या तेल प्लॅटफॉर्मवर कामगार म्हणून पाठवतो. मग त्याला परराष्ट्र मंत्रालयाचा रिक्रूटिंग एजंटचा परवाना लागतो. तो ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो, आणि तिथे फी ३० हजार अधिक जीएसटी याच्या वर घेता येत नाही. साडेतीन लाख कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

आणि हो, पद कोणतं ते सांगितलंय का त्याने? इन्स्ट्रुमेंटचा टेक्निशियन छोट्या सप्लाय बोटीला कशाला लागेल? हे लोक कुठल्या तरी भलत्याच देशाचं सीडीसी काढून देतात आणि शारजाला एखाद्या गंजक्या बोटीवर नेऊन सोडतात. मालकाने पगार थकवला की पोरगा अडकला. बोटीवरून उतरायला तिथल्या सरकारची परवानगी नाही, परतीचं तिकीट कुणी काढत नाही. महिनोन् महिने नांगरावर.

वृंदा_ठाणे:
बापरे. परवाना क्रमांक उद्याच मागते.

डेरिकमॅन:
पंपरूम यांनी दुसरी ऑफर मोडीत काढलीच आहे, मी पहिलीबद्दल लिहितो. माझी सगळी नोकरी ड्रिलिंगमध्ये गेली, आता नेरूळला निवांत आहे.

बॉम्बे हाय म्हणजे एखादं बेट नव्हे. मुंबईच्या पश्चिमेला साधारण १६० किलोमीटरवर, ७५-८० मीटर पाण्यात उभा असलेला प्लॅटफॉर्मांचा पसारा. १९७४ ला सागर सम्राट या विहिरी खोदणाऱ्या रिगने तेल शोधलं, १९७६ ला उत्पादन सुरू झालं. तेव्हा उभं केलेलं कित्येक लोखंड पन्नाशीला आलंय. त्यामुळे नव्या विहिरींच्या जोडीला जुन्या पाइपलाइनी बदलणं आणि जुन्या प्लॅटफॉर्मची डागडुजी, हे बारमाही नाही पण दर हंगामाला निघणारं काम आहे. कंत्राटदाराने तुमच्या भावाला बोलावलंय म्हणजे बहुतेक त्यातलंच.

पगाराआधी एक प्रश्न विचारायला सांगा त्याला: मी झोपणार कुठे?

वर, म्हणजे समुद्रातल्या कामावर, माणसं तीन ठिकाणी राहतात. रिगवर, मोठ्या प्रोसेस प्लॅटफॉर्मच्या लिव्हिंग क्वार्टर्समध्ये, नाहीतर अकोमोडेशन बार्जवर. रिगवर किंवा क्वार्टर्सवर खाणंपिणं, डॉक्टर, लाइफबोट, हेलिडेक सगळं जागच्या जागी असतं. बार्ज म्हणजे नांगरांवर धरून ठेवलेला तरंगता तळ. बऱ्याच बार्जना स्वतःचं इंजिनही नसतं, हलवायला टग (ओढणारी बोट) लागतो. एका खोलीत किती बंक, लाइफराफ्टची शेवटची तपासणी कधी झाली, वादळाचा इशारा आला तर बार्ज कुठे नेणार, हे सगळं त्या एका प्रश्नातून पुढे निघतं.

काम म्हणाल तर सहा ते सहा, बारा तास. सकाळी टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधीची सुरक्षेची छोटी बैठक, मग पर्मिट, म्हणजे त्या कामाची लेखी परवानगी. पर्मिटवर सही झाल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. इन्स्ट्रुमेंटवाल्याला ट्रान्समीटर, कंट्रोल व्हॉल्व्ह, गॅस डिटेक्टरचं कॅलिब्रेशन, शटडाउन व्हॉल्व्हच्या चाचण्या. महापेत जे करतो तेच, पण खाऱ्या वाऱ्यात. ट्यूबिंगचं फिटिंग आज बदललं की पुढच्या वर्षी परत हिरवं. आणि विहिरींचे छोटे प्लॅटफॉर्म निर्मनुष्य असतात, तिथे सकाळी बोटीने जायचं नि संध्याकाळी परत. बोटीवरून प्लॅटफॉर्मच्या लँडिंगवर जाताना लोंबता दोर धरून झेप घ्यायची असते. बोट लाटेवर सगळ्यात वर आली की सुटायचं. ती खाली जाताना उडी मारली तर मग देवच.

मोबाइल डेकवर नेता येत नाही, ठिणगीचा धोका. दारू अजिबात नाही. जेवण मात्र चांगलं, कॅम्प बॉस (खाण्यापिण्याची व्यवस्था बघणारा) बरा असेल तर.

गॅलीतला_गण्या:
कॅम्प बॉस बरा असेल तर, हे वाक्य ठळक करा. माझ्या मामाचं वजन दर खेपेला वाढून यायचं.

सोपानदेव_खारघर:
डेरिकमॅन, प्रतिसाद उत्तम, पण पगाराचा हिशेब कुणी मांडलाच नाही. मी एका कंत्राटदाराकडे बिलिंग बघायचो म्हणून सांगतो.

'महिना ९० हजार' म्हणजे नक्की काय? कंत्राटी माणसाला बहुतेक वेळा डे-रेट असतो. वर असलेल्या दिवसांचेच पैसे. घरी असलेल्या २८ दिवसांचा भोपळा. शिवाय बांधकामाचं काम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात बार्ज बंदरात, माणसं घरी. म्हणजे आठ महिन्यांचा हंगाम, त्यातले अर्धे दिवस वर. चार महिन्यांचे पैसे झाले, चार नव्वद तीनशे साठ. वर्षाला ३ लाख ६० हजार. आजचे ३८ हजार गुणिले १२ किती होतात? ४ लाख ५६ हजार.

हे सगळ्यांनाच लागू नाही. कुणी ऑफच्या दिवसांचाही पगार देतात, कुणी हंगामभर उतरूच देत नाहीत. प्लॅटफॉर्मच्या ऑपरेशन-मेंटेनन्सचं कंत्राट असेल तर ते पावसाळ्यातही चालतं. पण विचारल्याशिवाय कुणी आपणहून सांगत नाही.

वृंदा_ठाणे:
सोपानदेव, हा गुणाकार मी जेवताना ताटावरच भावाला करून दाखवला. तो गप्प बसला आणि मग म्हणाला, 'पण अनुभव मिळेल.' यावर काय बोलायचं?

पंपरूम:
अनुभव मिळतो हे खरं आहे हो. आखातात किंवा ब्रुनेईला जायचं तर ऑफशोअरचा अनुभव आहे का हेच आधी विचारतात. पण मग एक विचार करा, तो मर्चंट नेव्हीकडे का नाही वळत? करारातच सगळं लिहिलेलं, एमएलसीचं (खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) संरक्षण, पगार डॉलरमध्ये.

डेरिकमॅन:
२७ व्या वर्षी, घरची जबाबदारी असताना परत शून्यापासून? आणि तुमच्या मर्चंट नेव्हीत खलाशी नऊ नऊ महिने घरी येत नाहीत. आमच्यात निदान महिन्याने तरी तोंड दिसतं.

पंपरूम:
नऊ महिने रेटिंग्जना, म्हणजे अधिकारी नसलेल्या खलाशांना. अधिकाऱ्यांचे करार चार ते सहा महिन्यांचे असतात. आणि आम्ही जग बघतो, तुम्ही एकच लोखंडी टेबल बघता.

डेरिकमॅन:
कंटेनर जहाज बंदरात किती तास थांबतं आजकाल? जग म्हणजे क्रेनचा खांब आणि बंदराबाहेरचं सिमकार्डाचं दुकान.

झणझणीत:
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

निवृत्त_नेरूळ:
वाद मजेदार आहे, पण वृंदाताईंच्या आईंच्या भीतीचं उत्तर राहिलं. मी थोडं जुनं सांगतो.

२७ जुलै २००५. आदल्या दिवशी मुंबई पाण्याखाली गेलेली, त्यामुळे समुद्रात काय झालं ते पुष्कळांच्या लक्षातच नाही. समुद्र सुरक्षा नावाच्या बोटीवर एका आचाऱ्याचं बोट कापलं. हवा खराब, बोटीवरून हेलिकॉप्टरने नेणं जमेना. म्हणून त्याला प्लॅटफॉर्मच्या क्रेनने बास्केटमधून वर घ्यायचं ठरलं. बोट मुंबई हाय नॉर्थच्या, म्हणजे बॉम्बे हायच्याच उत्तर भागातल्या, प्लॅटफॉर्मजवळ आणली. लाटांत ताबा सुटला आणि ती रायझरला, म्हणजे समुद्रतळावरून वर येणाऱ्या गॅसच्या नळाला धडकली. गळती, आग, आणि दोनेक तासांत अख्खा प्लॅटफॉर्म समुद्रात. ३६२ माणसं वाचवली, २२ गेली.

त्या आचाऱ्याला उपचार हवेच होते, त्यात कुणी वाईट हेतूने काही केलं नाही. पण त्या हवेत, वाऱ्याच्या त्या बाजूला, उघड्या रायझरजवळ बोट आणायची का, हा निर्णय होता. पुढे २००८ ला समुद्रातल्या तेलकामांसाठी स्वतंत्र सुरक्षा नियम आले, ओआयएसडीकडे (तेल उद्योगाच्या सुरक्षेचं सरकारी संचालनालय) देखरेख आली. फरक पडला आहे. पण नियम निर्णय घेत नाहीत, माणूस घेतो.

एचएसई_पनवेल:
निवृत्तकाकांच्या मुद्द्याला धरूनच तौक्तेबद्दल.

मे २०२१ मध्ये पी-३०५ बार्जवर २६१ माणसं होती. हवामान खात्याचे इशारे काही दिवस आधीपासून येत होते. बरेच बार्ज आणि बोटी किनाऱ्याकडे निघाल्या. हा तिथेच, प्लॅटफॉर्मपासून थोडा लांब सरकवून ठेवला गेला. नांगर तुटले, बार्ज वाहत जाऊन एका प्लॅटफॉर्मवर आदळला आणि १७ मेच्या संध्याकाळी बुडाला. नौदलाच्या कोची आणि कोलकाता या नौका त्या समुद्रात शोध घेत होत्या. त्या बार्जवरची १८६ माणसं वाचली. वरप्रदा हा टगही बुडाला. दोन्ही मिळून ८६ मृत्यू.

माझा एक ओळखीचा वेल्डर त्या हंगामात दुसऱ्या बार्जवर होता, त्यांना वेळेवर आणलं. तो मला म्हणाला, 'साहेब, आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनाही कुणी विचारलं नसणार.' वेल्डर, फिटर, रिगर, त्यांच्यापैकी कुणाच्या हातात बार्ज हलवणं नव्हतं. प्रत्येक हेल्मेटवर स्टॉप वर्कचं स्टिकर असतं. काम असुरक्षित वाटलं तर कुणीही थांबवू शकतो, असं इंडक्शनला सांगतात. कंपनीचा कायम इंजिनिअर थांबवतो तेव्हा शाबासकी मिळते. पोटकंत्राटदाराचा रिगर थांबवतो तेव्हा पुढच्या हंगामात त्याला फोन येत नाही. मी एका ठिकाणी हे डोळ्यांनी पाहिलं, माझ्या अहवालातली ती ओळ पुढे गेली नाही, आणि नंतर ती नोकरी मी सोडली.

म्हणून वृंदाताई, नियुक्तीपत्र कुणाच्या नावाचं आहे ते बघा. मुख्य कंत्राटदाराच्या, की त्याच्या खालच्या, की त्याच्याही खालच्या माणूस पुरवणाऱ्या फर्मच्या? जितके मजले खाली, तितका आवाज बारीक. पीएफ, विमा, अपघात झाला तर भरपाई कोण देणार, हे सगळं त्याच्यावर ठरतं.

डेरिकमॅन:
सहमत, फक्त एक भर. बार्ज म्हणजे वाईटच असं चित्र नको. चांगले बार्ज आहेत, चांगले बार्ज मास्टर आहेत. मेच्या मध्यात 'अजून चार दिवस, तेवढं काम उरकू' म्हणणारा साहेब किनाऱ्यावर एसीत बसलेला असतो. खरी भानगड ती.

करंजाकर:
जमिनीवर सुरक्षित असं म्हणणाऱ्यांसाठी. ३ सप्टेंबर २०१९ ला आमच्या उरणच्या गॅस प्रकल्पात आग लागली, चार जण गेले. गाव जवळच आहे. बॉम्बे हायचं तेल न् गॅस पाइपातून शेवटी आमच्याच दारात येतं.

आणि त्या प्लॅटफॉर्मांबद्दल आम्हा कोळ्यांना विचारा. खांबांना शेवाळ-कालवं धरतात, त्याच्याभोवती मासळी जमते. बघायला मिळते, मारायला नाही. ५०० मीटरच्या आत बोट नेली तर कोस्ट गार्ड धरतं. जाळी अडकली तर नुकसान आपलं. पोरं म्हणतात आज्याच्या काळात तिथं काही नव्हतं, आता रात्रीची दिवाळी दिसते लांबून. १ जून ते ३१ जुलै आमची मासेमारी बंद, तेव्हा त्यांचे बार्जही बंद. पावसाळ्यात सगळेच घरी.

बेलापूर_बाबू:
करंजाकर, सुरमई कधी?

करंजाकर:
ऑगस्टनंतर या. आधी आलात तर सुकट खावी लागेल.

ऐरोलीची_अभियंता:
धागा आज वाचला. मी प्रोसेस इंजिनिअर, अधूनमधून तपासणीसाठी वर जाते. बायका कमीच असतात, पण असतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मला कुठल्या केबिनमध्ये ठेवायचं यावर तिघा साहेबांची मीटिंग झाली. शेवटी डॉक्टरांनी त्यांची खोली दिली आणि ते आजारी माणसांच्या कॉटवर झोपले.

ह्यूएटबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर बाहेर कसं पडायचं याचं प्रशिक्षण. हेलिकॉप्टरचं इंजिन आणि गिअरबॉक्स वर असतात, त्यामुळे पाण्यात पडलं की ते उलटं होतं. तलावात एक खोटी केबिन असते, त्यात पट्टा बांधून बसवतात, बुडवतात आणि उलटी करतात. नाकात पाणी जातं. एक हात खिडकीच्या कडेला, दुसरा पट्ट्याच्या बकलवर. केबिन फिरायची थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही. आधी सोडलात तर वर कुठे नि खाली कुठे कळत नाही. माझ्या बॅचमधला एक दणकट पैलवान गडी दुसऱ्या फेरीला बाहेर येऊन कोपऱ्यात बसून राहिला. काही झालं तरी परत जाईना. तासाभराने प्रशिक्षक त्याच्याशी क्रिकेटवर गप्पा मारत मारत त्याला पाण्यात घेऊन गेला.

हे प्रशिक्षण नुसती औपचारिकता नाही. जून २०२२ मध्ये सागर किरण रिगजवळ हेलिकॉप्टर पाण्यात उतरवावं लागलं होतं. नऊ जण होते, चार गेले, पाच वाचले.

बाकी जुहूच्या हेलिबेसला रिपोर्टिंग पहाटेचं. माणसाचंही वजन करतात, बॅगेचंही. सगळ्यांसमोर. त्याची धास्ती मला ह्यूएटपेक्षा जास्त.

झणझणीत:
वजनकाटा सगळ्यांसमोर म्हणजे मानवाधिकाराचा प्रश्न आहे.

गॅलीतला_गण्या:
मामा याच कारणाने निवृत्त झाला असावा.

चार्टर्ड_चिंतू:
मर्चंट नेव्ही विरुद्ध ऑफशोअर वादात एक मुद्दा निसटतोय, तो टॅक्सचा. परदेशी फेऱ्यांच्या जहाजावर काम करणारा भारतीय खलाशी वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला तर अनिवासी ठरू शकतो. दिवस मोजताना सीडीसीवरच्या साइन ऑन आणि साइन ऑफच्या तारखा धरतात. त्यामुळे 'समुद्रात काम म्हणजे टॅक्स नाही' अशी एक समजूत सगळीकडे पसरलेली आहे.

बॉम्बे हायला हे लागू नाही. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचं अनन्य आर्थिक क्षेत्र आयकर कायद्यासाठी भारतच धरलं जातं. १६० किलोमीटर म्हणजे त्याच्या निम्मंही नाही. भाऊ वर असला तरी टॅक्सच्या दृष्टीने तो कोपरीतच बसलेला आहे. माझ्याकडे दरवर्षी जुलैमध्ये एक तरी गृहस्थ येतात ज्यांना कुठल्या तरी मित्राने उलटं सांगितलेलं असतं.

सीवूड्सची_सून:
सगळ्यांनी माणूस वर असतो तेव्हाचं लिहिलं. खाली जे राहतात त्यांच्याबद्दल मी लिहिते. यजमान आखातात एका तेल प्लॅटफॉर्मवर, रोटेशनवर आहेत. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये निम्मी घरं अशीच, करावे गावात टी. एस. चाणक्य ही मर्चंट नेव्हीची प्रशिक्षण संस्था आहे त्यामुळे पांढऱ्या गणवेशातली पोरंही रोजची.

विरह वगैरे लग्नाच्या पहिल्या वर्षात. नंतर खरी गंमत असते ती माणूस घरी आल्यावर. महिनाभर घर मी एकटीने चालवलेलं असतं, गॅस, शाळा, सासूबाईंच्या तपासण्या, सोसायटीची भांडणं. हे येतात आणि दुसऱ्या दिवशी मसाल्याच्या डब्यांची जागा बदलतात. वर प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते म्हणे. पहाटे पाचला उठून बसतात आणि कुणीतरी चहा विचारेल अशी वाट बघतात. चौथ्या दिवसापासून माणसात येतात. आणि जायच्या आधीचे तीन दिवस परत गप्प. मुलांनाही हे कळतं, ती त्या दिवसांत काही मागत नाहीत.

भावाचं लग्न व्हायचं असेल तर मुलीला हे आधी सांगा, पगार नंतर. आणि आत्ताच करायच्या गोष्टी: बँकेत जॉइंट खातं, सगळीकडे नॉमिनी, घरच्या कामांसाठी मुखत्यारपत्र. कंपनीच्या कागदावर जवळचं नातं म्हणून कुणाचं नाव आणि कुणाचा नंबर दिलाय ते बघा. आणि उलट बाजूने, कंपनीचा चोवीस तास उचलला जाणारा नंबर तुमच्याकडे हवा. वादळ आलं की घरचे ऑफिसच्या साध्या नंबरवर फोन करत बसतात, आणि ऑफिस सहाला बंद झालेलं असतं.

वृंदा_ठाणे:
ताई, हे तर कुणीच सांगितलं नसतं. सांगून येणाऱ्या स्थळांना 'मुलगा समुद्रात असतो' म्हणायचं का, यावर आई-बाबांचं कालच वाजलंय.

बेलापूर_बाबू:
'मुलगा वर असतो' असं मात्र म्हणू नका. स्थळ पळेल.

डेरिकमॅन:
बाबू, या एका विनोदाबद्दल तुम्हाला जुहू ते रिग मोफत फेरी.

अवांतर: वर गणपतीही बसतो बरं का. दीड दिवसाचा, छोटीशी मूर्ती, कॅम्प बॉस मोदक करतो. एका वर्षी नव्याने आलेला एक पोरगा भक्तिभावाने मूर्ती घेऊन रेलिंगपाशी निघाला. आमचा रेडिओ ऑफिसर मागून ओरडत धावला, 'मार्पोल! मार्पोल!' मार्पोल म्हणजे समुद्र प्रदूषणाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार, प्लॅटफॉर्मवरून समुद्रात कचरा टाकायला सक्त बंदी. खरकटं टाकायचं तर तेही बारीक दळून. विसर्जन बादलीत झालं.

निवृत्त_नेरूळ:
चहूबाजूंना समुद्र आणि बाप्पा बादलीत. गोड्या पाण्याची बादली असणार, त्याचंही रेशन होतं आमच्या वेळी.

व्यवस्थापक:
अवांतर आवडतंय, तरी मूळ प्रश्न विसरू नये ही विनंती.

एचएसई_पनवेल:
मग मूळ प्रश्नावर एक. ह्यूएट, प्राथमिक सुरक्षा, मेडिकल यांचे पैसे कोण भरतं ते विचारा. कंपनीने भरले तर चांगलंच, पण प्रमाणपत्र भावाच्या हातात हवं. काही कंत्राटदार मूळ प्रमाणपत्र ऑफिसात ठेवून घेतात, मग माणूस दुसरीकडे जाऊ शकत नाही. आणि आंतरराष्ट्रीय मान्यतेचं बोसिएट (ऑफशोअरला जाण्याआधीचं मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण) करणार असेल तर त्याची मुदत चार वर्षं असते. पुढे आखातात जायचं असेल तर त्याचाच उपयोग.

वृंदा_ठाणे:
मंडळी, सगळं वाचून भावाने कंत्राटदाराला मेल केली. सहा प्रश्न विचारले होते.

उत्तरं अशी: मुक्काम अकोमोडेशन बार्जवर. घरी असलेल्या दिवसांचा पगार नाही, पण 'आवश्यकतेनुसार ६० दिवसांपर्यंत सलग ठेवलं जाऊ शकतं.' नियुक्तीपत्र दुसऱ्याच एका फर्मच्या नावाने निघेल, तिचं नाव आम्ही आज पहिल्यांदा ऐकलं. ह्यूएट कंपनी करून देईल. विमा आहे, किती ते कळवू. वादळाचा इशारा आल्यावर काय करता, याला उत्तर 'कंपनी धोरणानुसार.'

एजंटाला परवाना क्रमांक विचारला, त्या दिवसापासून फोन लागत नाही.

सोपानदेव_खारघर:
६० दिवस सलग असेल तर माझा गुणाकार थोडा सुधारतो. आठ महिन्यांतले सहा भरले तर ५ लाख ४० हजार. पण मग २८-२८ ही गोष्टच उरली नाही. ते लेखी करून घ्या, नाहीतर डे-रेट वाढवून मागा.

एचएसई_पनवेल:
विम्याची रक्कम 'कळवू' वर सोडू नका. पॉलिसीची प्रत मागा आणि त्यात समुद्रातलं काम वगळलंय का ते पाहा. जमिनीवरच्या कामगारांची पॉलिसी वर पाठवलेल्यांना चालवून घेणारे महाभाग आहेत.

डेरिकमॅन:
माझं मत स्पष्ट सांगतो. या पत्रावर मी माझ्या पोराला पाठवला नसता. ऑफशोअरला पाठवला असता, या पत्रावर नाही. इन्स्ट्रुमेंटची चांगली माणसं मिळत नाहीत, त्याने तीन-चार ठिकाणी अर्ज टाकावेत आणि प्लॅटफॉर्मच्या ऑपरेशन-मेंटेनन्सचं कंत्राट ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच टाकावेत. मुक्काम क्वार्टर्सवर, काम बारमाही, आणि पत्रावर नाव त्यांचंच.

पंपरूम:
सहमत. बघा, शेवटी आमचं एकमत झालं.

वृंदा_ठाणे:
भाऊ म्हणतो अर्ज टाकतो, पण ह्यूएट स्वतःच्या पैशाने आधीच करून ठेवतो, म्हणजे वजन पडेल. एकच अडचण. त्याला पोहता येत नाही. चालतं का?

ऐरोलीची_अभियंता:
माझ्या बॅचमध्ये चार जणांना येत नव्हतं, लाइफजॅकेट असतं, प्रशिक्षक पाणबुडे पाण्यातच असतात. पण नाकातोंडात पाणी गेल्यावर न घाबरण्याची सवय आधी झाली असेल तर फार सोपं जातं. महापालिकेच्या तलावावर सकाळची बॅच लावून घ्या, आणि उन्हाळी सुट्टीत जाऊ नका, पोरांची जत्रा असते.